पाय उचलू नका

गाडी धुवायच्या यंत्रात एकदा शिरलं की माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. खालचा पट्टा गाडी ओढत नेतो, वरून पाणी, दोन्ही बाजूंनी गरगरणारे ब्रश. आपण फक्त गुपचूप बसायचं आणि काचेवरून ओघळणारा फेस बघायचा. भिंगरीला नेमकं एवढंच जमत नसे. म्हणून आत शिरता शिरता ती एका हातानं केस बांधत होती, दुसऱ्या हातानं सीटखाली गेलेला मोबाइल शोधत होती, आणि या गडबडीत तिच्या दोन सीटांच्या रोडस्टरच्या कापडी छपराची कडी लागल्याचा 'खट्' आवाज ऐकायचा तेवढा राहून गेला.

पहिल्याच फवाऱ्याला छपराचा एक कोपरा वर उचलला गेला. दुसऱ्या फवाऱ्याला भिंगरी न्हाली. तिसऱ्या टप्प्यात साबण होता.

यंत्राच्या दुसऱ्या टोकाला गाडी बाहेर पडली तेव्हा आतली बाई आणि बाहेरचं बॉनेट सारखंच चकचकत होतं. मागून एक करड्या रंगाची सेडान कोरडी ठणठणीत बाहेर आली. तिच्यातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले. त्यांनी डिकी उघडली, घडी घातलेला हिरवा टॉवेल काढला — हॉस्पिटलात असतो तसला — आणि येऊन भिंगरीसमोर उभे राहिले. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"छपराची कडी…" ते म्हणाले, "…लागलेली नव्हती."

"हो का?" भिंगरीनं नाकावरचा फेस पुसला. "काय वेळेवर सांगितलंत हो!"

"तुम्ही आत जात होता तेव्हाच दिसलं होतं मला. सांगणारच होतो."

"मग?"

"काच खाली केली… काय म्हणायचं ते ठरवलं… तोवर तुम्ही फेसात होता."

खरं तर भिंगरीनं रागवायचं ठरवलं होतं. पण तो माणूस इतक्या प्रामाणिकपणे ओशाळला होता की तिला हसूच फुटलं, आणि हसता हसता तिची नजर त्याच्या गाडीवर गेली. गाडी दिसायला अगदी बँकेतल्या साहेबाची, सभ्य, चार दारांची. पण चाकं रुंद होती आणि मागच्या बाजूला धुराची चार जाडजूड नळकांडी होती. सभ्य माणसाला चार नळकांडी कशाला लागतात?

"टर्बोवाली आहे ना ही? थांबा, सांगू नका, आहेच! अहो, मला हीच हवीय. आमचं गाड्यांचं मासिक आहे, या महिन्यात माझ्या रोडस्टरशी हिची तुलना छापायचीय, आणि कबूल केलेली गाडी ऐन वेळी मिळत नाहीये. रविवारी द्याल? एकच दिवस. पण तुम्ही कशाला द्याल म्हणा! ओळख ना पाळख, त्यात मी ही अशी साबण लावलेली. साहजिक आहे, मी असते तर मीही दिली नसती. जाऊ द्या. टॉवेलबद्दल थँक्यू हं!"

आणि ती गेलीसुद्धा. रोडस्टरचं ते छोटं इंजिन किंचाळत वळणावरून दिसेनासं झालं.

"हो," ते गृहस्थ म्हणाले. पण ती जिथे उभी होती तिथे आता फक्त साबणाचं डबकं होतं.

भिंगरीचं खरं नाव मासिकात लेखाखाली छापलं जाई. ते वाचणाऱ्यांपलीकडे कुणाच्या लक्षात नव्हतं. भिंगरी हे नाव आत्यानं ठेवलं होतं, ती चालायच्या आधी पळायला लागली तेव्हा. आई-वडील परगावी, शिक्षण आत्याकडे, आणि शिक्षण संपल्यावर नोकरीही आत्याकडेच. आत्याच मासिकाची संपादक आणि तिच्या घराची पुढची खोली हेच मासिकाचं ऑफिस. बोलण्याच्या खात्यात भिंगरीकडे कायम शिल्लक. ऐकण्याच्या खात्यात मात्र खडखडाट. प्रश्न तिनं विचारायचा आणि उत्तरही तिनंच देऊन टाकायचं, अशी तिची रीत. समोरच्याचा तेवढाच त्रास वाचतो, असं तिला मनापासून वाटे. आतापर्यंत दोन चांगली स्थळं अशीच गेली होती. एकाला तिनं विचारलं, "माझी बडबड तुम्हाला सोसायची नाही ना?" आणि तो 'तसं काही नाही' म्हणायच्या आत त्याच्याच वतीनं नकार देऊन मोकळी झाली.

त्या संध्याकाळी दाराची घंटा वाजली. आत्यानं दार उघडलं. दारात उंच, किडकिडीत गृहस्थ.

"काय काम आहे?"

बराच वेळ गेला. आत्याला वाटलं, मुका आहे बिचारा.

"हो," गृहस्थ म्हणाले.

"हो काय?"

"त्यांनी विचारलं होतं… गाडी द्याल का. त्यांच्या गाडीच्या दारावर मासिकाचा पत्ता होता."

आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे वळून हाक मारली, "भिंगरे, बाहेर ये गं! तुझ्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर आलंय. चालत."

चहा झाला. गृहस्थ डॉक्टर निघाले. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायची, हे त्यांचं काम.

"म्हणजे लोकांना झोपवता?" भिंगरीनं विचारलं.

"हो. माझ्याशी बोलता बोलता लोक झोपतात." त्यांनी कप खाली ठेवला. "…सवय झालीय मला."

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून तिनं मासिकाचा नियम सांगितला. तुलना करायची तर गाड्यांची अदलाबदल करायची. ज्याची गाडी त्यानं तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "आईला आपलं पोर देखणंच दिसतं. खरं काय ते शेजारणीला विचारावं. तेव्हा डॉक्टर, तुम्ही हिची गाडी चालवायची आणि काय वाटलं ते सांगायचं. सांगाल ना?"

भिंगरी तोंड उघडणार, तोच आत्यानं तिच्या हातात बिस्किट ठेवलं.

"…सांगीन," डॉक्टर म्हणाले.

रविवारी सकाळी घाटाचा रस्ता मोकळा होता. रोडस्टर पायथ्याशी लावून आधी सेडान. भिंगरी चालवायला, डॉक्टर शेजारी. पहिला चढ आला, भिंगरीनं पाय दाबला. काही घडलं नाही. तिनं पाय उचलला; आणि गाडी अंगात आल्यासारखी पुढे झेपावली, लगेच गळाठली, दोघांच्या माना एकदा मागे, एकदा पुढे.

दुसऱ्या चढाला तेच. तिसऱ्याला तेच.

"तुमची गाडी आधी विचार करते वाटतं," भिंगरी वैतागून म्हणाली.

डॉक्टर वळण संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "गाडी येते. तुम्ही पाय उचलता."

"मी?"

"इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर आतला पंखा फिरतो. तो वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो. तुम्ही हाक मारता… ती निघते… ती दारात पोचते, तोवर तुम्ही दार लावून घेतलेलं असतं."

"अय्या! म्हणजे चूक माझी?"

"चूक नाही. घाई." आणि जरा थांबून, रस्त्याकडेच बघत, "पाय उचलू नका. एवढंच."

हे वाक्य त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं की भिंगरीला एकदम वाटलं, हा माणूस कानाशी येऊन 'आता डोळे मिटा' म्हणत असेल तेव्हा घाबरलेल्या पेशंटला किती बरं वाटत असेल. मग हे असलं काही आपल्याला वाटलंच का, म्हणून तिनं उगाच वायपर लावले. काच कोरडी होती. वायपर करकरले. खिडकीच्या काचेत डॉक्टरांचं हसू दिसलं.

मग दोघं पायथ्याशी परतली आणि रोडस्टरमध्ये बसली. आता डॉक्टर चालवायला. छप्पर उघडं, वारा, उन्हं. आणि डॉक्टर ती गाडी अशी चालवत होते की जणू मागच्या सीटवर टाके घातलेला माणूस झोपलाय. मुळात तिला मागची सीट नव्हतीच! इंजिननं जरा सूर लावला की डॉक्टरांचा हात गिअरवर. सूर लावला, की हात.

"डॉक्टर, ही पेशंट नाहीये हो!"

"आवाज वाढला की मला…"

"वाढू द्या की! हिचं सगळं वर आहे. खाली ही नुसती खोकते, वर गेली की गाते. तुम्ही दर वेळी खोकला थांबला की घरी पाठवता तिला. चला. दुसरा गिअर. दाबा. अजून… अजून… हात काढा तिथून!" तिनं त्यांच्या हातावर चक्क चापट मारली. "अजून नाही… काटा बघू नका, आवाज ऐका… अजून…"

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांवर गेला, सातवर गेला. आठ हजारांच्या पुढे ते छोटं इंजिन असं काही गायला लागलं की घाटाची भिंत त्याला साथ द्यायला लागली. आणि डॉक्टर हसले. मोठ्यानं, डोकं मागे टाकून, लहान मुलासारखे. भिंगरीनं आतापर्यंत कितीतरी लोकांना गाडीत बसवलं होतं, पण गाडीपेक्षा चालवणाऱ्याकडे बघावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

माथ्यावर गाडी थांबवून दोघं कठड्यावर बसली. थर्मासमधला चहा, दोघांत एकच झाकण. वाऱ्यानं तिचे केस त्यांच्या बाहीवर येत होते. त्यांनी ते बाजूला केले नाहीत, हे तिनं पक्कं टिपून ठेवलं. असल्या बाबतीत तिचा हिशेब चोख असे.

"एक सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "मला एका हॉस्पिटलनं बोलावलं होतं… दुसऱ्या शहरात. समुद्राकाठी आहे. मोठं आहे. मी…"

ते थांबले. भिंगरीनं चहाचं झाकण कठड्यावर ठेवलं. घाबरली की तिच्या जिभेला दुसरं काही सुचतच नसे. ती पळत सुटे.

"अरे वा! समुद्र! मग काय, जाणारच तुम्ही! जायलाच हवं. असली संधी कोण सोडतं? इथे काय ठेवलंय, एक गाडी धुवायचं यंत्र! अभिनंदन हं डॉक्टर, अगदी मनापासून! गाडीचं काय करणार, नेणार ना? न्याच. समुद्राकाठचे रस्ते सरळ असतात."

डॉक्टरांचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्यांनी ते हळूच मिटलं. थर्मासचं झाकणही लावलं.

"…थँक्यू," ते म्हणाले.

उतरताना इंजिन तीन हजारांच्या वर एकदाही गेलं नाही.

आठवडाभरानं भिंगरीनं लेख लिहून आत्यापुढे टाकला. आत्यानं चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"रोडस्टरचं झकास. सेडानचे आकडे कुठे आहेत? तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून किती सेकंदांत वेग घेते, ते?"

"घेता नाही आले. दर वेळी मी…"

"पाय उचललास."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या लेखानंच की! 'गाडी चांगली आहे, पण यायला उशीर करते, आणि आता ती समुद्राकाठी जाणार आहे.' वाचकाला काय करायचंय गं ती कुठे जाणार त्याच्याशी?" आत्यानं खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर जातायत?"

"हो."

"असं ते म्हणाले?"

"म्हणजे… हॉस्पिटलनं बोलावलंय म्हणाले."

"पुढे काय म्हणाले?"

भिंगरीनं खूप आठवून पाहिलं. "पुढचं मीच म्हणाले."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, त्या माणसाला एका अक्षराचं 'हो' आणायला सकाळची संध्याकाळ झाली! आणि तू त्याच्याकडून आयुष्यभराचं उत्तर एका घोटात मागतेस? हे छापणार नाही मी. आकडे घेऊन ये. लाव फोन."

भिंगरीनं फोन लावला. "हॅलो, डॉक्टर, मी बोलतेय, सेडानची चाचणी अपुरी राहिलीय…" पलीकडे शांतता. "कट झाला वाटतं," म्हणून तिनं ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा शांतता, पुन्हा ठेवणार तोच आत्यानं तिचं मनगट धरलं. घट्ट. दोघी श्वास रोखून मोबाइलकडे बघत राहिल्या, जणू दूध उतू जायची वाट बघतायत.

"…उद्या सकाळी येतो," मोबाइलमधून आवाज आला. "दुपारी मला त्या हॉस्पिटलला शेवटचं उत्तर द्यायचंय. त्याआधी."

गावाबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं कधीच बंद झालेली. मासिक परवानगी घेऊन तिथे गाड्या पळवी. सोमवारची सकाळ, भेगांतून उगवलेलं गवत, आणि समोर सरळ, रिकामी पट्टी. भिंगरी चालवायला, डॉक्टर शेजारी स्टॉपवॉच घेऊन. करडी गाडी आरशासारखी लखलखत होती.

"तयार?" डॉक्टरांनी विचारलं.

तिसरा गिअर. भिंगरीनं पाय दाबला. काही नाही. तिच्या पोटरीला खाज सुटल्यासारखं झालं. पाय आपोआप वर यायला बघत होता. तिनं दात आवळले. काही नाही… काही नाही… आणि मग कुठूनतरी खोलातून, शिटीसारखा बारीक आवाज उठला, आणि गाडीनं तिला पाठीमागून उचललंच. मोठ्या लाटेनं उचलावं तसं, न थांबता, न संपता. धावपट्टी आकसत आली. तिनं ब्रेक दाबला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ओरडत होती, "अहो! एवढं सगळं होतं हिच्यात?"

"होतं," डॉक्टर म्हणाले. स्टॉपवॉच दाबायला ते साफ विसरले होते.

गाडी पट्टीच्या टोकाला उभी राहिली. इंजिन बंद. तापलेलं लोखंड टिक, टिक करत गार होत होतं. भिंगरीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि समोर बघत विचारलं:

"डॉक्टर, तुम्ही जाणार आहात?"

आणि ती गप्प बसली.

हे वाचायला सोपं आहे. भिंगरीच्या आयुष्यात त्याच्याइतकं अवघड काही झालं नव्हतं. जिभेवर पाच-सहा उत्तरं रांगेत उभी होती. जा म्हणणारी, हसून टाळणारी, समुद्राची तारीफ करणारी. तिनं कुणालाच बाहेर सोडलं नाही. गवतातून एक पक्षी उडाला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. तिनं पाय उचलला नाही.

"मी त्यांना नाही म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

भिंगरीची मान झटक्यात वळली. पण ओठ मिटलेले.

"घाटात गेलो त्याच्या आधीच. तेच सांगत होतो. तुम्ही अभिनंदन केलंत. मला वाटलं, मी जावं असंच तुम्हाला वाटतंय. म्हणून मग त्यांना पुन्हा फोन केला, जागा आहे का अजून म्हणून. ते म्हणाले, सोमवारी दुपारपर्यंत सांगा."

इथे डॉक्टर थांबले. एरवी त्यांचं बोलणं इथेच संपलं असतं. त्यांचा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडे गेला. मग त्यांनी तो हात बघितला, काढून घेतला आणि ते पुढे बोलले. आवाज चढत गेला.

"आणि पहिल्यांदा नाही का म्हटलं, तर तुम्ही फेसात उभ्या राहून हसलात म्हणून. त्यानंतर मी चारदा गाडी धुवून घेतली. गाडी स्वच्छच होती! तिथला माणूस मला विचारतो, डॉक्टर, घरी सगळं ठीक आहे ना? दिवसभर मी लोकांशी बोलतो आणि लोक झोपतात. तुम्ही एकट्याच अशा आहात, मी गप्प असलो तरी जाग्या असता. मला ठरवायला वेळ लागत नाही हो. फक्त बोलायला लागतो. मला समुद्र नकोय. मला पोहता येत नाही! मला… तुम्ही माझ्याशी…"

ते पुन्हा थांबले. भिंगरीला ते वाक्य पुरं करायच्या निदान चार तऱ्हा येत होत्या. तिनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की चुकून हॉर्न वाजला. दोघंही दचकली.

"…माझं बोलणं मध्येच तोडायला," डॉक्टरांनी वाक्य शेवटाला नेलं, "कायमच्या याल का?"

"हो!" भिंगरी म्हणाली, प्रश्नचिन्ह खाली टेकायच्या आत.

दुपारचा फोन डॉक्टरांनी तिथूनच केला. 'नाही' म्हणायला त्यांना एक सेकंदही लागला नाही. पलीकडचा माणूसच गडबडला.

लेख आत्यानं छापला. आकड्यांच्या जागी तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: 'सेडानची वेळ नोंदवायची राहिली, कारण नोंदवणाऱ्याचं लक्ष नव्हतं, संपादक सर्व संबंधितांना ओळखतात.' कोणती गाडी सरस, या प्रश्नावर वाचकांची पत्रं पुढे कित्येक महिने येत राहिली. रोडस्टरवाले सेडानवाल्यांना झोपाळू म्हणत, सेडानवाले रोडस्टरवाल्यांना किरकिरे. आत्या ती पत्रं चहाबरोबर दोघांना मोठ्यानं वाचून दाखवी.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीला दोघं रोडस्टर धुवायला घेऊन गेली. भिंगरी चालवायला, डॉक्टर शेजारी. समोर ब्रश, बोट हिरव्या बटणावर.

"कडी लागलीय?" तिनं विचारलं. आणि थांबली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी थांबली. केवढी प्रगती!

डॉक्टरांनी वर पाहिलं. कडी बोटानं चाचपली. ओढून बघितली.

"…लागलीय," ते म्हणाले.

तिनं बटण दाबलं. पट्टा हलला. गाडी आत सरकली, पहिला फवारा सुं-सुं करत जवळ आला, आणि डॉक्टरांनी आपल्या डाव्या कोपराकडे पाहिलं. कोपर खिडकीबाहेर होतं.

"माझी काच…" ते म्हणाले.